अन्यथा

आंबेगाव तालुक्याला ज्या गावावरून नाव मिळाले ते गाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले, तालुक्याची बाजारपेठ पुणे-नाशिक रस्त्यावरच्या मंचरला वाढली, आणि कचेरी मात्र घोड नदीच्या काठी घोडेगावात राहिली. त्यामुळे ज्याला कांदा-बटाटा विकायचा तो पूर्वेकडे जातो, ज्याला भीमाशंकराचे दर्शन घ्यायचे तो पश्चिमेकडे जातो, आणि घोडेगावात जो उतरतो तो बहुधा हातात कोणता तरी कागद घेऊनच उतरतो. सातबाराचा उतारा, फेरफार, वारसनोंद, उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, शिवाय एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात द्यावयाचे वसतिगृहाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज, हाच या गावाचा खरा व्यापार. महसूल खात्यात निरनिराळ्या तालुक्यांचे पाणी पिऊन अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माझ्यासारखा माणूस येथे स्थायिक झाला यात नवल ते काय! कचेरीच्या आवारातल्या अर्जनविसाच्या टेबलाजवळून जाताना कानावर पडणारे संभाषण मला अजूनही, गवयाला तंबोऱ्याचा सूर ऐकू यावा तसे, आपोआप ऐकू येते: जमीन अमुक एकराहून कमी असेल तर, बाप हयात नसेल तर, मुदत टळली नसेल तर.

सरकारी हुकुमाचे सारे शरीर या शर्तींनीच बनलेले असते. मथळा, संदर्भ, प्रस्तावना आणि मोहोर ही त्याची वस्त्रे. आत पाहावे तर एक अट असते, ती पुरी झाली असता काय द्यावे हे असते, आणि पुरी न झाली असता काय करावे हे बहुतेक वेळा नसते. या तिसऱ्या गोष्टीच्या अभावावर आमच्या खात्याचा निम्मा कारभार चालत आला आहे, हे मला नोकरीत असताना कळत होते, परंतु त्याचे स्वरूप इतके स्वच्छपणे कळले ते आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबातल्या मुलीमुळे. तिचे मूळ गाव डिंभ्याच्या वरच्या खोऱ्यातले. पदवीच्या पहिल्या वर्षाला ती संगणकशास्त्र शिकते आणि संध्याकाळी ओट्यावर बसून सी भाषेचे पुस्तक मोठ्याने वाचते. मी एकदा विचारले, “हे इफ म्हणून काय असतं गं?” तिने पुस्तकातून मान वर न काढता सांगितले, “आजोबा, तुम्ही कचेरीत जन्मभर केलंत ना, तेच.”

उत्तर उद्धट वाटले तरी बिनचूक होते. संगणकाला दिलेल्या आज्ञा तो वरून खाली, एकीमागून एक, निमूटपणे पाळत जातो. त्याला कोठेही थांबून विचार करण्याची सवय नाही. त्या सरळ प्रवाहात एखादा प्रश्न घालून ‘हे खरे असेल तर इतक्या ओळी कर, नसेल तर त्या वगळून दुसऱ्या कर’ असे सांगणारे वाक्य म्हणजे हे ‘इफ’, निवडीचे विधान. कोराडो बोम आणि ज्युसेप्पे याकोपिनी या दोघा इटालियन पंडितांनी 1966 साली असे सिद्ध करून दाखविले, की क्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तीनच साधनांनी कोणतीही गणनप्रक्रिया मांडता येते. क्रम आणि पुनरावृत्ती तर कोलूच्या बैलालाही जमतात. यंत्राला काही विवेक आहे असा भास जो होतो तो मधल्या निवडीमुळे. आणि हा विवेकही यंत्राचा नव्हेच. तो अट लिहिणाऱ्याने आगाऊ करून ठेवलेला असतो आणि यंत्र केवळ त्याची अंमलबजावणी करते.

नवशिक्यांना या विधानाची ओळख करून देण्यासाठी जो स्वाध्याय सर्रास देतात तो मराठी घरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दहावीच्या निकालाची श्रेणी ठरवा: शेकडा 75 किंवा अधिक असतील तर विशेष प्रावीण्य, 60 किंवा अधिक असतील तर प्रथम श्रेणी, 45 किंवा अधिक असतील तर द्वितीय श्रेणी, 35 किंवा अधिक असतील तर उत्तीर्ण, आणि एरवी अनुत्तीर्ण. मुलीने पहिल्या प्रयत्नात ही शिडी पायथ्यापासून चढविली, म्हणजे 35 ची अट सर्वांत वर लिहिली आणि 75 ची सर्वांत खाली. मग 91 गुण घालून पाहिले, तेव्हा पडद्यावर फक्त ‘उत्तीर्ण’ असे आले. ती चिडली. यंत्राचे मात्र काहीच चुकले नव्हते. 91 हे 35 हून अधिक आहेत हे निर्विवाद, आणि अशा शिडीत जी अट प्रथम खरी ठरते तिच्यावरच निकाल लागून पुढच्या अटींकडे कोणी पाहतही नाही. वेगवेगळ्या भोकांच्या चाळणी घेऊन दाणे निवडताना जर बारीक भोकांची चाळण आधी धरली तर थोर आणि मध्यम सगळे दाणे तिच्यातच राहतात आणि पुढच्या चाळणींना काही कामच उरत नाही. तसलाच हा प्रकार. अटी सगळ्या बरोबर होत्या, त्यांचा अनुक्रम तेवढा चुकला होता, आणि एवढ्याने प्रावीण्य मिळविलेला विद्यार्थी जेमतेम तरलेल्यांच्या पंगतीला जाऊन बसला.

आमच्या संस्कृत शास्त्रकारांनी हा अनुक्रमाचा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला होता, आणि ती रीत मला अधिक अभिजात वाटते हे सांगायला हवे. पाणिनीच्या व्याकरणात सामान्य नियमाला उत्सर्ग आणि विशेष नियमाला अपवाद म्हणतात, व अपवाद कोठेही लिहिलेला असो, तो उत्सर्गाला बाजूला सारतो. आणि तुल्यबळ असे दोन नियम एकाच ठिकाणी लागू होऊ पाहतील तर सूत्रपाठात जो नंतर आलेला असेल तो बलवान, अशी व्यवस्था खुद्द पाणिनीनेच करून ठेवली आहे. सी भाषेच्या शिडीत याच्या उलट न्याय: जो आधी आला तो जिंकला. कचेरीत आम्ही, नकळत का होईना, पाणिनीचेच अनुयायी असतो, कारण दोन शासन निर्णयांत विरोध दिसला तर कारकून सर्वांत ताज्या तारखेचा कागद वर काढतो, आणि एखाद्या जमातीसाठी वा एखाद्या क्षेत्रासाठी खास कलम असेल तर तारीख न पाहता ते प्रमाण मानतो. यंत्राकडे सामान्य कोणते आणि विशेष कोणते हे ओळखण्याची बुद्धी नाही, म्हणून ते ओळखून विशेषाला वर चढविण्याचे काम लिहिणाऱ्याला करावे लागते. लीप वर्षाचा नियम घ्या. 1582 साली पोप ग्रेगरी यांनी पंचांगसुधारणा केली तेव्हापासून चाराने भाग जाणारे वर्ष 366 दिवसांचे, परंतु शंभराने भाग जाणारे असेल तर नाही, परंतु चारशेने भाग जाणारे असेल तर पुन्हा होय, असा अपवादाच्या पोटात अपवाद आहे. म्हणून 1900 साली 29 फेब्रुवारी नव्हती आणि 2000 साली होती. हा नियम बोलताना आपण सामान्याकडून विशेषाकडे जातो. शिडीत लिहिताना उलटे, चारशेपासून आरंभ करून शंभरावर आणि शेवटी चारावर यावे लागते. बोलण्याचा क्रम आणि निवाड्याचा क्रम यांतला हा विरोध ज्या दिवशी विद्यार्थ्याच्या ध्यानात येतो त्या दिवशी तो प्रोग्रामिंग शिकू लागला असे समजावे.

अनुक्रमानंतर सीमेचा प्रश्न येतो, आणि येथे माझ्या जुन्या खात्याच्या भाषेची लाज वाटते. ‘पर्यंत’, ‘आत’, ‘वरील’, ‘पासून’ हे शब्द आम्ही असे वापरीत आलो की सीमेवर उभा असलेला मनुष्य आत आहे की बाहेर हे त्या दिवशी साहेबांची तब्येत कशी आहे यावर ठरावे. मुदत 31 तारखेपर्यंत म्हटली तर 31 ची दुपार धरायची की नाही, यावर मी वकिलांना तासच्या तास वाद घालताना पाहिले आहे. संगणकाच्या भाषेत ही पळवाट मिळत नाही. ‘35 हून अधिक’ यासाठी एक चिन्ह आहे आणि ‘35 किंवा अधिक’ यासाठी त्याच चिन्हाला चिकटून बरोबरीचे आणखी एक चिन्ह. त्या एका चिन्हाच्या असण्या-नसण्यावर बरोबर 35 गुण मिळविणाऱ्या मुलाचे वर्ष अवलंबून राहते, आणि बाकीच्या कोणालाही त्या फरकाचा पत्ताही लागत नाही. आय. बी. एम. कंपनीने 1957 मध्ये फोरट्रॅन ही भाषा प्रसिद्ध केली, तिच्यातल्या निवडीच्या विधानाला दोन नव्हे, तीन वाटा होत्या: हिशेबाचे उत्तर ऋण आले तर एक, शून्य आले तर दुसरी, धन आले तर तिसरी. म्हणजे सीमेवरच्या माणसाला तिथे स्वतःची हक्काची वाट होती. पुढे ही रचना गैरसोयीची ठरून मागे पडली आणि 2018 च्या प्रमाणभाषेतून ती काढूनच टाकण्यात आली. कारणे सबळ असतील. तरी प्रत्येक वेळी ‘आणि बरोबर तेवढेच असेल तर?’ असा प्रश्न लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय पुढे न जाणारे ते जुने विधान मला एखाद्या कडक शिरस्तेदारासारखे आदरणीय वाटते.

सीमेचा प्रश्न या तालुक्यात पुस्तकी राहत नाही. येथे पश्चिमेला सह्याद्रीच्या अंगाला भात पिकविणारा पाऊस आणि पूर्वेला बाजरीची वाट पाहायला लावणारा पाऊस, असे दोन पाऊस एकाच तहसिलीत नांदतात, आणि 30 जुलै 2014 रोजी तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेल्यापासून पावसाचा आकडा येथे कोणी सहज म्हणून वाचीत नाही. हवामान खात्याची पावसाची प्रतवारी ही हुबेहूब विद्यार्थ्याच्या स्वाध्यायातली शिडी आहे: दिवसाला 64.5 मिलिमीटरपासून 115.5 पर्यंत जोरदार, 115.6 पासून 204.4 पर्यंत अति जोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. आपल्या राज्यात नुकसानीच्या पंचनाम्यांसाठी चोवीस तासांत 65 मिलिमीटरांहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, असा दंडक रूढ आहे. आकडे स्वच्छ आहेत, सीमा दशांशापर्यंत आखलेल्या आहेत. परंतु हवामान खात्याचा दिवस मध्यरात्री उजाडत नाही, तो सकाळी साडेआठला उजाडतो. समजा पहाटेपासून दुपारपर्यंत सलग 80 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि साडेआठच्या ठोक्याने त्याचे निम्मे निम्मे भाग केले, तर खात्याच्या वहीत 40 आणि 40 असे दोन मध्यम पावसाचे दिवस लागतील, शेतकऱ्याच्या बांधावरून मात्र अतिवृष्टी होऊन गेलेली असेल. अट जशी लिहिली तशीच पाळली गेली, फक्त दिवस कोठे सुरू होतो हे अटीत लिहिलेले नव्हते, ते आधीच दुसऱ्या कोणी तरी ठरवून टाकले होते.

यातूनच मी ज्या गोष्टीकडे वळू पाहतो ती निघते. सी भाषेत एक बरोबर-चिन्ह लिहिले तर त्याचा अर्थ ‘डावीकडच्या नावाला उजवीकडची किंमत दे’ असा होतो, आणि लागोपाठ दोन बरोबर-चिन्हे लिहिली तर ‘या दोन्ही किमती समान आहेत काय’ असा. पहिली आज्ञा, दुसरी पृच्छा. नवशिका घाईघाईत अटीच्या कंसात दोनऐवजी एकच चिन्ह लिहितो, आणि भाषेच्या नियमाप्रमाणे ते विधान वैधही असते: ‘गुण 35 आहेत का?’ असे विचारण्याऐवजी यंत्र मुकाट्याने गुण 35 करून टाकते, आणि 35 ही शून्येतर संख्या असल्यामुळे अट खरी ठरली असे मानून पुढे जाते. वर्गातला शून्य गुणांचा विद्यार्थी उत्तीर्ण होतो आणि शंभर गुणांचा विद्यार्थीही 35 वर येऊन बसतो. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत 1972 च्या सुमारास ही भाषा घडविली तेव्हापासून आजवर किती विद्यार्थ्यांनी या एका चिन्हापायी रात्री जागविल्या असतील याची गणती नाही. हल्लीचे संकलक, म्हणजे कंपायलर, निदान इशारा तरी देतात.

मुलगी मला हे समजावून सांगत होती तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पैसेवारीचे, म्हणजे गावाचे पीक पूर्ण पिकाच्या मानाने किती उतरले हे ठरविण्याचे, तक्ते उभे राहिले. चौकशी करता करता उत्तरच लिहून टाकायचे, ही कला महसुली कारभाराला सी भाषेच्या फार पूर्वीपासून अवगत आहे. 1918 सालचा खेडा जिल्ह्यातला सत्याग्रह आठवावा. मुंबई इलाख्याच्या महसूल नियमांत शर्त अशी होती की पीक रुपयात चार आणे, म्हणजे पूर्ण पिकाच्या पाव, किंवा त्याहून कमी उतरले तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावा. या शर्तीविषयी फारसा वाद नव्हता. गांधीजींना ती मान्य होती, पाटीदार शेतकऱ्यांना मान्य होती. मुख्य झगडा होता तो पीक किती आणे आले या एका आकड्याविषयी. रयत म्हणे चार आण्यांच्या आत, सरकारी अंमलदार म्हणत त्याहून पुष्कळ अधिक, आणि अधिक म्हटल्यावर शर्त खोटी ठरून वसुली सुरू, जप्त्या सुरू. नियमावर बोट ठेवून कोणी अन्याय केला असे म्हणायला जागाच नव्हती, कारण अन्याय नियमात नव्हता, नियमाला जो आकडा भरविला त्यात होता. निवडीचे विधान कितीही निर्दोष लिहिले तरी त्याच्या कंसात जी किंमत पोहोचते ती कोठून आली, कोणी मोजली, मोजणाऱ्याचे हित कशात होते, हे विधानाला ठाऊक नसते आणि ते विचारण्याची त्याची प्राज्ञाही नसते.

आण्यांचे पैसे झाले तरी पैसेवारीचा हा स्वभाव गेला नाही. सप्टेंबरात नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग वर्षअखेरीस अंतिम, अशा तीन पायऱ्यांनी गावाचे पीक पैशांत उतरते आणि ते 50 पैशांच्या आत आले की गावाकडे टंचाईच्या दृष्टीने पाहण्याचा मार्ग मोकळा होतो. नोकरीच्या काळात एका कचेरीत मी अंतिम आकडा पन्नाशीच्या एका बाजूला नेण्यासाठी पीककापणीच्या प्रयोगांची बेरीज पुन्हा पुन्हा तपासली जाताना पाहिली आहे. ती तपासणी कोणत्या दिशेने चालली होती हे सांगण्यात आता हशील नाही. केंद्र सरकारच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने ही पद्धत पुष्कळ बदलली. आधी पावसाची तूट पाहायची, ती ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तरच पीक, जमिनीतला ओलावा, भूजल वगैरे निर्देशांक तपासायचे, अशी अटीच्या पोटात अट तिने घातली, आणि मोजणीत उपग्रह आणले. उपग्रहाला गावकीची भीड नसते ही चांगलीच गोष्ट. पण पहिल्याच अटीत जो तालुका गळाला त्याच्या शेतात पुढे काय दिसले असते हे कोणी पाहतच नाही, आणि आंबेगावासारख्या दोन पावसांच्या तालुक्यात एका भागाची सर दुसऱ्या भागाच्या तुटीवर पांघरूण घालू शकते.

मुलीच्या पुस्तकाकडे परत येऊन महिरपी कंसांविषयी थोडक्यात सांगतो आणि पुढे जातो. सी भाषेत अटीखाली कंस न घालता दोन ओळी लिहिल्या तर अट फक्त पहिल्या ओळीला लागू होते. दुसरी ओळ कितीही आत सरकवून लिहा, ती बिनशर्त होऊन बसते. 2014 च्या फेब्रुवारीत ॲपल कंपनीला आपल्या फोनांसाठी घाईने दुरुस्ती काढावी लागली ती याच दोषामुळे: अटीखालची एकच ओळ दोनदा उतरली गेली होती, दुसरी प्रत कोणत्याही अटीवाचून अमलात येत होती, आणि त्यामुळे समोरचा संगणक खरा की तोतया हे तपासण्याचा शेवटचा भाग कधी गाठलाच जात नव्हता. नक्कल करताना ओळ दोनदा उतरली तर आमच्याकडे तांबड्या शाईने एक रेघ मारली की भागत असे.

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे अट खोटी ठरल्यावर काय, या प्रश्नाकडे येतो. सी भाषेत ‘एल्स’, म्हणजे ‘अन्यथा’, लिहिणे सक्तीचे नाही. तो न लिहिला तर अट पुरी न करणारा गृहस्थ काहीही न घडता पुढच्या ओळीवर जातो. त्याला नकार मिळत नाही, कारण मिळत नाही, पडद्यावर अक्षर उमटत नाही. विद्यार्थ्यांना हा प्रकार प्रथम गूढ वाटतो, कारण प्रोग्राम चालला आणि तरी काही दिसले नाही. कचेरीच्या खिडकीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला यात काहीच गूढ नाही. अर्ज मंजूर झाला तर हुकूम निघतो. नामंजूर झाला तर पुष्कळदा नुसतेच काही घडत नाही, आणि त्या न घडण्यालाच उत्तर समजून मनुष्य डिंभ्याच्या गाडीत जाऊन बसतो.

अनेक पर्यायांतून एक निवडण्यासाठी त्या भाषेत ‘स्विच’ नावाचे विधान आहे. एका किमतीसमोर एक ‘केस’, दुसरीसमोर दुसरी, प्रत्येकीच्या शेवटी ‘ब्रेक’. ब्रेक विसरला तर एका प्रकरणाचा निकाल घसरत जाऊन खालच्या प्रकरणातही लागतो. सर्वांच्या शेवटी ‘डीफॉल्ट’, म्हणजे यादीत जे कोणी बसत नाहीत त्यांची ओळ. पीकनुकसानीच्या मदतीचे निकष हे असेच एक स्विच आहे: जिरायत पिके असतील तर हेक्टरी एक दर, बागायत असतील तर दुसरा, बहुवार्षिक फळपिके असतील तर तिसरा, आणि नुकसान किती टक्क्यांहून अधिक असले पाहिजे याची एक अट वर. ही अट पूर्वी निम्म्या नुकसानीची होती, 2015 साली ती 33 टक्क्यांवर आणली गेली. म्हणजे ज्याचे चाळीस टक्के पीक आदल्या वर्षी गेले तो बाहेर राहिला आणि ज्याचे पुढच्या वर्षी गेले तो आत आला. दोघांचा बांध एकच असू शकेल. परंतु असा फेरबदल निदान कागदावर दिसतो, त्याची तारीख सांगता येते. यादीत नसलेल्याची गोष्ट त्याहून अवघड आहे.

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम खोऱ्यांतल्या महादेव कोळी कुटुंबांना रोख पैसा देणारे जे एक झाड आहे ते हिरड्याचे. एप्रिल-मे महिन्यांत कोवळी फळे झोडून, वेचून, वाळवून त्यांचा बाळहिरडा होतो, आणि तो औषधी कारखान्यांकडे जातो. भाताने पोट भरते. वह्या-पुस्तके, कपडे आणि लग्नकार्ये पुष्कळ घरी हिरड्यावर निघतात. हे झाड बहुधा कोणी लावलेले नसते, ते आपल्या मर्जीने उगवते, कोणाच्या मालकीच्या माळावर, कोणाच्या बांधावर, काही वनात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्यावर आदळून घाटमाथा ओलांडून इकडे आले तेव्हा या झाडांची फार हानी झाली. पंचनामे झाले. मग मदतीच्या स्विचापाशी प्रकरण आले आणि तिथे हिरड्याला केसच नव्हती. ते जिरायत पीक नव्हे, बागायत नव्हे, आणि फळ असूनही फळपिकांच्या यादीतले फळ नव्हे. कोणत्याही अधिकाऱ्याने दुष्टपणा केला असे मला म्हणायचे नाही. ज्याने यादी केली त्याच्या डोळ्यांपुढे पेरलेली शेते आणि लावलेल्या बागा होत्या, न लावता आलेले झाड हे कोणाच्या वर्षाचे उत्पन्न असू शकते ही गोष्ट त्याच्या मनात आली नाही, आणि डीफॉल्टची ओळ कोरी राहिली. पुढे निवेदने गेली, मोर्चे निघाले, धरणे झाली, वर्षे लोटली, आणि अखेर वेगळा निर्णय होऊन ती मदत मंजूर झाली. म्हणजे त्या स्विचात एक नवी केस लिहिली गेली, आणि ती लिहवून घेण्यासाठी माणसांना रस्त्यावर चालावे लागले.

मुलीच्या पुस्तकातल्या स्विचच्या धड्याखाली नेहमीचा स्वाध्याय होता: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांपैकी वापरणारा जे निवडील ते करून दाखवावे, आणि भलतेच काही निवडील तर ‘चुकीचा पर्याय’ असे छापावे. मी म्हटले, “हे गणकयंत्र राहू दे. पंचनाम्याचं कर.” तिने लगेच तीन केस लिहिल्या, प्रत्येकीला दर लावला, ब्रेकही न विसरता घातले, आणि डीफॉल्टपाशी येऊन थांबली. “इथं ‘चुकीचा पर्याय’ कसं छापू आजोबा? हिरडा चुकीचा थोडाच आहे!” मग तिने लिहिले, ‘यादीत नाही, नोंद घ्यावी’. तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही. “नोंद कोणी घ्यायची?” मी सांगितले, तलाठ्याने, हल्ली त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तसे लिही. “आणि त्यांनी घेतली नाही तर?” तर तहसीलदाराकडे. “किती दिवसांत?” मी एक मुदत सांगितली. “पर्यंत की आत?” असे तिने विचारले, आणि माझ्याकडे जरा रोखून पाहिले. मुदतीची अट आली तशी ती खोटी ठरल्यास काय हा एल्स आला, त्या एल्सच्या पोटात प्रांताधिकारी आले, नकार द्यावयाचा तर कारणासह छापावा अशी एक ओळ तिने स्वतःच्या डोक्याने घातली, आणि कारण काय छापायचे यावर आमची बरीच हुज्जत झाली. डीफॉल्टखालचा मजकूर वाढत वाढत वरच्या तिन्ही केसांहून लांब झाला, आणि सरांनी दुसऱ्या दिवशी आणायला सांगितलेला गणकयंत्राचा स्वाध्याय तिने रात्री जेवणानंतर घाईघाईने उरकला.